मार्काची बारा पानं

तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेला कुठलाही बायबल अभ्यास घ्या, वरचा उतारा हाताने झाका आणि खालचे प्रश्न तेवढे सोडवा. संकटात कोणाकडे धाव घ्यावी? या प्रसंगातून शिष्य काय शिकले? या आठवड्यात आपण काय करू या? येशूकडे, विश्वास ठेवायला, प्रार्थना. संपला अभ्यास. संडे स्कूलमध्ये आठ-दहा वर्षं काढलेल्या मुलाला ही उत्तरं झोपेतून उठवलं तरी देता येतात. ती देताना आपण उतारा वाचला की नाही, हे त्याचं त्यालाही कळत नाही.

मार्ककृत शुभवर्तमानावर, म्हणजे येशूच्या जीवनाच्या बायबलमधल्या चार वृत्तांतांपैकी एकावर, बारा आठवड्यांचा संच तयार करायला घेतला तेव्हा पहिली चाळणी हीच लावली. उतारा झाकून सुटणारा प्रश्न बाद. पहिल्या मसुद्यातले निम्म्याहून जास्त प्रश्न तिथेच गळाले. मग जे काम उरलं ते कसं केलं आणि कुठे अडलं, ते इथे क्रमाने मांडतो आहोत. क्रमाने म्हणायचं एवढंच. तिसऱ्या पायरीवरून पुन्हा पहिलीवर यावं लागतंच.

मार्कच का? चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात छोटं, १६ अध्यायांचं. मोठ्याने सलग वाचलं तर दीड ते दोन तासांत संपतं. शिवाय त्यातले शिष्य सारखे चुकतात, घाबरतात, भलतंच विचारतात, आणि मार्क त्यावर पांघरूण घालत नाही. तयारीची पहिली बैठक म्हणजे हे सलग वाचन. दोघांनी आळीपाळीने वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं आणि कान जिथे अडखळेल तिथला एक शब्द कागदावर टिपायचा. ओळखीच्या मजकुरावरून डोळा घसरतो, कान तितका घसरत नाही. विवरणग्रंथ या बैठकीत आणायचे नाहीत. ते पुढे लागतातच, पण आधी उघडले की आपले प्रश्न मागे पडून त्यांचे सुरू होतात.

टिपणांतून बारा उतारे निघाले (कंसात आधी अध्याय, मग वचनं). कोळ्यांना हाक (१:१६–२०), छप्पर उसकटून खाली सोडलेला पक्षाघाती (२:१–१२), 'याचं डोकं फिरलंय' म्हणून न्यायला आलेले घरचे (३:२०–३५), वादळ (४:३५–४१), याईराची मुलगी (५:२१–४३), पाच भाकरी (६:३०–४४), दोन टप्प्यांत दिसू लागलेला आंधळा (८:२२–३३), आजारी मुलाचा बाप (९:१४–२९), श्रीमंत माणूस (१०:१७–३१), येशूला अटक झाली ते गेथशेमाने (१४:३२–५२), पेत्राचा नकार (१४:६६–७२) आणि रिकामी कबर (१६:१–८). वीस वचनांच्या पुढे उतारा गेला की शेवटपर्यंत लक्ष टिकत नाही. दोन उताऱ्यांना सूट द्यावी लागली. याईराच्या गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट आहे, ती तोडता येत नाही; आणि गेथशेमानेतून अंगावरचं वस्त्र टाकून पळालेला तो अनामिक तरुण शेवटच्या दोन वचनांत आहे, त्याच्याशिवाय हा प्रसंग या वयाला देऊ नये असं वाटलं. पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, मात्र मुद्दाम वगळला. त्याचा अर्थ थोड्याच वचनांनंतर छापलेला आहे, मग मुलांनी शोधायचं काय?

आता एक पान जवळून पाहू, चौथ्या आठवड्याचं, वादळाचं. येशू आणि शिष्य होडीतून पलीकडे निघतात, वादळ उठतं, आणि येशू झोपलेला असतो.

पहिली दुरुस्ती शीर्षकाची. बहुतेक छापील बायबलांत या उताऱ्यावर 'येशू वादळ शांत करतो' अशा अर्थाचं काही तरी ठळक अक्षरांत असतं. पाचव्या वचनात घडणारी गोष्ट वाचायच्या आधीच फुटली. ही शीर्षकं मूळ मजकुरातली नाहीत, प्रकाशकांनी वाचकांच्या सोयीसाठी नंतर घातलेली आहेत. म्हणून मुलांच्या हातात बायबलऐवजी उताऱ्याचा सुटा कागद द्यायचा. शीर्षक काढायचं, वचनांचे क्रमांक ठेवायचे, अक्षर १४ पॉइंटचं, ओळींत दीडपट अंतर आणि उजवीकडे पाच सेंटिमीटर कोरी जागा. सुट्या कागदाचा दुसरा फायदा असा की सगळ्यांसमोर एकच भाषांतर राहतं. मोबाइलवर वाचणाऱ्या पाच मुलांकडे तीन भाषांतरं निघतात आणि पहिली दहा मिनिटं 'माझ्यात असं नाहीये' यातच जातात. हा कागद छापण्याआधी त्या बायबलचं परवानगीचं पान वाचायला हवं. नवीन भाषांतरांचे हक्क राखीव असतात, आणि किती वचनं विनापरवाना छापता येतात ते तिथे लिहिलेलं असतं.

कोऱ्या जागेत कठीण शब्दांचे अर्थ द्यायचे, पण एका पानावर तीनच्या वर नाहीत. शब्दसूची लांबली की मुलं उतारा सोडून सूचीच वाचतात. या बाबतीत आमची पहिली मोठी चूक 'पश्चात्ताप' या शब्दाची. १:१५ मधलं येशूचं वाक्य पहिल्या आठवड्याच्या प्रस्तावनेत होतं आणि हा शब्द सोपा समजून तसाच सोडला होता. मराठी कानाला त्यात 'पश्चात' आणि 'ताप' ऐकू येतात, म्हणजे झालं त्याबद्दल वाईट वाटणं. मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया'चा रोख मन बदलून दिशा फिरवण्याकडे आहे. वाईट वाटून घेण्यात हे वय आधीच तरबेज असतं. ते पुन्हा शिकवायची गरज नव्हती.

वाचनाची पद्धत पुढची. एकेकाने एकेक वचन वाचायचं, ही जुनी रीत पूर्ण बंद केली. आपला नंबर कितवा हे मोजून मुलं आपलंच वचन मनात घोकत बसतात, आधीचं ऐकत नाहीत आणि आपलं वाचून झालं की सुटल्यासारखी होतात. ज्याला वाचायला अडखळायला होतं त्याच्यासाठी तर ती सरळ शिक्षाच. त्याऐवजी आवाज वाटून दिले. या उताऱ्यात येशू तीनच ठिकाणी बोलतो (वचनं ३५, ३९, ४०) आणि शिष्य दोन ठिकाणी (३८, ४१). एक निवेदक, एक येशू, बाकी सगळे शिष्य. निवेदक आठवडाभर आधी ठरवायचा आणि कागद त्याच्या हातात द्यायचा. दुसरं वाचन गट घेणाऱ्या ताईने किंवा दादाने करायचं, सावकाश, आणि त्या वेळी मुलांच्या हातात पेन्सिल.

पेन्सिलीने तीनच खुणा. लख्ख दिसलेल्या गोष्टीपुढे दिवा, न कळलेल्या किंवा न पटलेल्या गोष्टीपुढे प्रश्नचिन्ह, आणि आपल्याला काही करायला सांगतंय असं वाटलं तिथे बाण. ही पद्धत 'स्वीडिश पद्धत' म्हणून बऱ्याच ठिकाणी वापरतात आणि ती चालते, कारण न बोलणाऱ्या मुलाच्याही कागदावर काही तरी असतं. एक नियम आम्ही वर घातला: प्रत्येकाचं किमान एक प्रश्नचिन्ह हवंच. नाही तर नुसते दिवे लागतात. मोठ्यांना बरं वाटावं म्हणून दिवे लावण्याची सवय या मुलांना लहानपणापासून असते.

मग प्रश्न. पहिल्या मसुद्यात अकरा होते, अखेरीस चार उरले. गळालेल्यांत एक आमचा फार लाडका होता: 'तुमच्या आयुष्यातलं वादळ कोणतं?' जवळपास प्रत्येक तयार अभ्यासात तो सापडतो. तो काढायची कारणं तीन. एक, होडीत पाणी भरतंय आणि माणसं मरायला टेकली आहेत हे नीट बघण्याआधीच तो वादळाचं रूपक करून टाकतो. दोन, तो चौदा वर्षांच्या मुलीला वर्गातल्या दहा जणांसमोर घरची भांडणं सांगायला लावतो. ती ते सांगत नाही, 'परीक्षा' म्हणते आणि मोकळी होते. तिसरं कारण मात्र गंभीर. या प्रश्नाच्या पोटात एक आश्वासन दडलेलं आहे, की तुझंही वादळ असंच शांत होईल. गटात एखादा मुलगा असतो ज्याने आजारी आईसाठी वर्षभर प्रार्थना केलेली असते आणि आई गेलेली असते. त्याने या प्रश्नाचं काय करायचं?

उरलेल्यांतला पहिला प्रश्न अगदी साधा दिसतो: शिष्य सगळ्यात जास्त केव्हा घाबरले, वचन क्रमांक सांगा. मुलं हमखास ३८ म्हणतात. मग कागद पुन्हा बघायला लावायचा. वारा ३९ मध्ये पडतो आणि 'अतिशय भ्याले' असं मार्क लिहितो ते ४१ मध्ये, पाणी शांत झाल्यावर. इथे ताई-दादांच्या पानावर एक माहिती दिली आहे. मूळ ग्रीकमध्ये 'मोठं' हा एकच शब्द तीनदा येतो: मोठं वादळ, मोठी शांतता, मोठी भीती. भाषांतरात तिन्ही ठिकाणी वेगळे शब्द आले की हा धागा दिसेनासा होतो. ही माहिती मुलांनी ४१ शोधून काढल्यावर सांगायची. आधी सांगितली तर ती नुसती माहिती होते.

दुसरा प्रश्न ३८ मधल्या वाक्याचा. 'गुरुजी, आम्ही मरतोय, तुम्हाला काळजी नाही का?' हे वाक्य तिघांनी तीन सुरांत म्हणायचं: रडवेल्या, चिडलेल्या आणि टोमणा मारल्याच्या. कोणता सूर बसतो? मग दुसऱ्या दोन शुभवर्तमानांतलं मत्तय ८:२५ आणि लूक ८:२४ काढून तेच वाक्य तिथे कसं आहे ते बघायचं. मत्तयात ती 'प्रभू, वाचवा' अशी विनवणी आहे, लूकमध्ये नुसती 'गुरुजी, आम्ही मरतोय' अशी हाक. काळजी नाही का, असं तोंडावर विचारणं एकट्या मार्काने ठेवलंय. अख्ख्या तासातली सगळ्यात जिवंत पाच-सात मिनिटं इथे मिळतात, कारण देवाशी या सुरात बोललेलं चालतं हे मुलांना बायबलमध्येच छापलेलं दिसतं.

तिसरा: या प्रश्नाला येशूने काय उत्तर दिलं? वाऱ्याला तो बोलतो, शिष्यांना उलट प्रश्न विचारतो. पण 'मला काळजी आहे' असं शब्दांत म्हणत नाही. यावर मुलांचे दोन तट पडतात. पडू द्यायचे. चौथा बोलायचाच नाही, लिहायचा: तू त्या होडीत असतास तर पलीकडे उतरल्यावर त्याला काय विचारलं असतंस? कागदाची घडी करून स्वतःकडे ठेवायची. गोळा करायचा नाही, वाचून दाखवायचा नाही. 'कोणाला वाचून दाखवायचंय का?' हेसुद्धा विचारायचं नाही. त्या विचारण्यात दाखवलंच पाहिजे असा सूर येतो.

प्रश्न कितीही चांगला बांधला तरी तो विचारून लगेच दुसरा विचारला की मेला. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधल्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि ही वाट तीन सेकंदांवर नेली तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, असं तिला आढळलं. विश्वासाबद्दलच्या प्रश्नाला तीनही पुरत नाहीत, दहापर्यंत मनात मोजा असं आम्ही पानावर छापलं. चाचणीत सगळ्यात जास्त मोडलेली सूचना हीच. शांतता ताई-दादांनाच सोसवत नाही. सहाव्या सेकंदाला ते प्रश्न सोपा करून पुन्हा विचारतात आणि मुलांना कळतं की गप्प बसलं की सोपा मिळतो. उपाय कामचलाऊ आहे, पण लागू पडला: प्रश्न विचारून पाण्याची बाटली उघडायची, दोन घोट प्यायचे, झाकण लावायचं.

तासाची वाटणी अशी बसली. जमणं आणि स्थिरावणं ७ मिनिटं, दोन वाचनं ८, खुणांवर बोलणं १०, तीन प्रश्न २०, शांत लिखाण ८, प्रार्थना ५, आणि २ मिनिटं शिलकीला. गट सहा ते आठ जणांचा. दहाच्या वर गेला की तीन जण बोलतात आणि सात ऐकतात, तेव्हा दोन वर्तुळं करावीत. मोठी माणसं मात्र नेहमी दोन, आणि बसायची जागा अशी की दार उघडं राहील किंवा बाहेरून आत दिसेल. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला बंद खोलीत भेटायचं नाही, रात्री खासगी निरोप पाठवायचे नाहीत. हे अभ्यासाच्या पानावर कशाला, असं एकदा विचारलं गेलं. वेगळी नियमावली फडताळात राहते, पान दर आठवड्याला हातात असतं, म्हणून पानावर.

ताई-दादांचं पान एकाच बाजूचं. त्यावर उत्तरं नाहीत. आधीच्या मसुद्यात होती, आणि मुलांचं बोलणं कुठेही गेलं तरी दहा मिनिटांत ते छापील उत्तरापाशी आणून उभं केलं जायचं. आता त्या जागी दोनच गोष्टी आहेत: उताऱ्याची वस्तुस्थिती (होडीच्या मागच्या भागात उशी होती हे मार्कच सांगतो, बरोबर दुसऱ्याही होड्या होत्या, योनाही असाच वादळात झोपला होता) आणि गाडी घसरण्याच्या जागा. वादळातली मोठी घसरण म्हणजे 'विश्वास कमी पडला म्हणून भीती वाटते'. चिंतेच्या आजाराशी झगडणाऱ्या मुलाला हे वाक्य म्हणजे दुसरा मार. उताऱ्यात शिष्यांचा विश्वास तोकडा होता आणि तरीही वारा पडला, एवढं दाखवून पुढे जायचं.

पाचव्या आठवड्याचं पान वेगळ्याच कारणाने चार वेळा लिहावं लागलं. याईराची मुलगी १२ वर्षांची आणि वाटेत भेटलेल्या बाईचा रक्तस्राव १२ वर्षांचा. मार्काने दोन्ही आकडे दिले आहेत, आणि गटातल्या सगळ्यात लहान मुली त्या मुलीहून जेमतेम एखाद वर्षाने मोठ्या. रक्तस्राव म्हणताच कोपऱ्यात हसू फुटतं. पहिल्या मसुद्यात आम्ही 'जुना आजार' असं लिहून निसटलो होतो. मग जुन्या करारातल्या लेवीय १५:२५–२७ चा संदर्भच बसेना आणि तिने गर्दीत येशूला गपचूप का शिवावं, उघड झाल्यावर थरथरत का यावं, हे कळेना. आताची सूचना अशी: वाचनाच्या आधीच, सरळ आवाजात, एका वाक्यात सांगा की या बाईला मासिक पाळीसारखा रक्तस्राव १२ वर्षं थांबला नव्हता आणि नियमशास्त्राप्रमाणे तिला शिवणाराही अशुद्ध ठरायचा. एवढं बोलून वाचायला घ्या. हसू यायचं ते तिथेच येऊन जातं आणि येशू तिला 'मुली' म्हणतो ते ऐकायला सगळे जागेवर असतात.

नवव्या आठवड्यात आमचंच पितळ उघडं पडलं. पानावर 'श्रीमंत तरुण' असं छापलं होतं. चाचणीत एका प्रश्नचिन्हापुढे लिहून आलं: तरुण कुठे लिहिलंय? खरंच, मार्क त्याला तरुण म्हणत नाही. तो तरुण मत्तयात आहे, अधिकारी लूकमध्ये. मार्कातला माणूस तर 'मी तरुणपणापासून हे पाळत आलोय' असं म्हणतो. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, हे वाक्यही तिघांपैकी मार्कातच आहे. पान दुरुस्त केलं. कागदावर खुणा करायला लावणारी पद्धत छापणाऱ्यावरही उलटते, ती अशी.

याच उताऱ्यावर वयाचा फरक स्पष्ट दिसतो. येशू त्या माणसाला सगळं विकून गरिबांना दे म्हणतो. तेरा-चौदाची मुलं विचारतात, 'म्हणजे सगळंच विकायचं?' आणि त्यांना आकड्यांत उत्तर हवं असतं. सोळा-सतराची विचारतात की तो निघून गेल्यावर येशू त्याच्या मागे का गेला नाही. उतारा एकच ठेवून तिसरा प्रश्न दोन गटांना वेगळा दिला, तेवढ्याने भागलं. दोन वेगळे संच काढायची गरज पडली नाही.

प्रश्नपेटीचा भाग सगळ्यात नाजूक. दर तिसऱ्या आठवड्याला प्रत्येकाला सारख्याच आकाराची चिठ्ठी आणि सारखीच पेन्सिल द्यायची, आणि सगळ्यांनी लिहायचं. ज्याला प्रश्न नाही त्याने उताऱ्यातली एखादी ओळ उतरवून काढायची. फक्त प्रश्नवाल्यांनी लिहायचं ठेवलं तर कोण लिहितंय ते सगळ्यांना दिसतं आणि पेटी दुसऱ्या खेपेला रिकामी येते. चिठ्ठ्या तिथल्या तिथे उघडायच्या नाहीत. दोन मोठ्यांनी मिळून आधी वाचायच्या, आणि हे मुलांना लिहिण्यापूर्वीच सांगायचं. सोबत दुसरंही सांगायचं: कोणी धोक्यात आहे असं वाटलं तर आम्ही गप्प बसणार नाही. 'काहीही लिहा, आमच्यातच राहील' असं वचन कधीही देऊ नका. मारहाण, लैंगिक छळ किंवा जीव द्यायचा विचार चिठ्ठीत दिसला तर ती गटात वाचायची नाही. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्याकडे त्याच दिवशी जायचं आणि कायद्याने जिथे कळवायला हवं तिथे कळवायचं. लिहिणारा कोण ते ठाऊक नसेल तर त्याच सभेच्या शेवटी सगळ्यांना मिळून, कोणाकडेही न बघता, मदत कुठे मिळते ते सांगायचं. हस्ताक्षर ओळखून मुलाला बाजूला घेऊन 'तूच लिहिलंस ना' असं विचारलं की पेटी संपली, कायमची.

बाकीच्या चिठ्ठ्यांचे ढोबळ तीन ढीग पडतात. माहितीचे प्रश्न (डायनासोर, आदामाचा मुलगा काइन याला बायको कुठून मिळाली), आव्हानाचे (इतर धर्मांचे लोक नरकात जाणार का) आणि वेदनेचे. चूक होते ती तिसऱ्या ढिगातला प्रश्न पहिल्यातला समजून उत्तर देण्यात. 'देव आजार का बरे करत नाही?' ही चिठ्ठी माहितीची असू शकते, नाही तर घरी कोणी तरी अंथरुणाला खिळलेलं असू शकतं. खात्री नसेल तर वेदनेची धरायची. तिला उत्तर देण्याऐवजी स्तोत्र १३ वाचायला द्यायचं. सहाच वचनांचं आहे, आणि पहिल्या दोन वचनांत 'किती काळ?' चार वेळा विचारलेलं आहे. मग त्याच साच्यात स्वतःचं लिहायचं: हाक, तक्रार, मागणी, भरवसा. चौथी पायरी ऐच्छिक. पहिल्यांदा ती सक्तीची होती आणि सगळ्यांचे शेवट एकसारखे, गोड गोड आले. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं आणि तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे. हे दाखवलं की कागदावर खरं उतरायला लागतं.

आव्हानाच्या प्रश्नाला 'माहीत नाही' हे उत्तर चालतं, पण त्याला तारीख हवी. 'पुढच्या आठवड्यापर्यंत शोधून सांगतो' म्हणायचं आणि सांगायचं. दोनदा विसरलं की प्रश्न येणं बंद होतं. मंडळीतल्या काही मोठ्यांना ही पेटी म्हणजे शंकांना खतपाणी वाटते. त्यांना लूक २:४६ दाखवावं. १२ वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तेव्हा गुरुजनांमध्ये बसून ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय. शिवाय जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये ओळखीच्या घडणीवर लिहिताना एक अवस्था सांगितली, जिथे माणूस पर्याय न तपासता घरच्यांची निष्ठा जशीच्या तशी उचलतो. गटात सगळ्यात आज्ञाधारक दिसणारं मूल कधी कधी तिथे असतं. शंकेखोरापेक्षा त्याच्याकडे लक्ष हवं.

घरी न्यायचा कागद अर्ध्या पानाचा, त्यावर आईवडिलांसाठी एकच प्रश्न. 'आज काय शिकलास?' हा नव्हे. त्याला 'चांगलं झालं' एवढंच उत्तर मिळतं. प्रश्न आईवडिलांनी उत्तर द्यायचा: 'तुम्हाला देव झोपलाय असं कधी वाटलं होतं का?' जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात (६:२०) मूल विचारतं आणि बाप सांगतो, त्याच दिशेने. याचा गैरवापरही होतो. काही घरी तो कागद मुलाची तोंडी परीक्षा होतो. म्हणून वरच ठळक छापलं की हा कागद मोठ्यांचा आहे.

गाण्यांबद्दल थोडक्यात. तेरा-चौदाच्या मुलांचे आवाज फुटत असतात आणि मोठ्यांच्या पट्टीतलं गाणं त्यांना पेलत नाही, म्हणून ती तोंड मिटून उभी राहतात आणि आपण त्याला अनास्था समजतो. काळी दोनमधलं गाणं पांढरी एकमध्ये आणलं की निम्मे आवाज परत येतात. पडद्यावर शब्द दाखवायचे तर गीत, भाषांतर आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींचे हक्क वेगळे असतात, हे ध्यानात ठेवावं. खेळांवर पान खर्च केलं नाही. ते मुलांना आपल्यापेक्षा जास्त येतात.

'मी आज येशूला स्वीकारलं' अशा सहीचा कागद या संचात नाही. तो का नाही, असं सगळ्यात जास्त वेळा विचारलं गेलं. डोळे मिटलेले, वाद्य हळू वाजतंय आणि समोर आवडते दादा उभे; अशा वेळी या वयात हात वर जातोच, आणि पुढच्या शिबिरात तोच हात पुन्हा वर जातो. मग आधीचा खरा होता की नव्हता, या काळजीत ते मूल वर्षं काढतं. बाप्तिस्मा किंवा दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतः पक्का करण्याचा विधी) घ्यायची इच्छा कोणी बोलून दाखवली तर दोन आठवडे जाऊ द्यायचे, पाळकांशी भेट ठरवायची, घरच्यांना कळवायचं. इच्छा खरी असेल तर दोन आठवड्यांत कुठे जात नाही.

प्रत्येक पानाची चाचणी चार मुलांवर झाली, आणि त्यात गटात नियमित न येणारा एक तरी असेल असं पाहिलं. कोपऱ्यात बसलेल्या माणसाने फक्त दोन गोष्टी टिपायच्या: कोणत्या प्रश्नावर मुलं कागदाकडे बघतात आणि कोणत्या प्रश्नावर दादाच्या चेहऱ्याकडे. चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधलं जात असेल तर प्रश्न बदलायचा.

बाराव्या पानावर मार्क १६:८ पाशी थांबलो आहोत. स्त्रिया कबरेपासून पळाल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्याल्या होत्या. पुढच्या ९ ते २० या वचनांभोवती बहुतेक बायबलांत कंस किंवा तळटीप असते, आणि चलाख मूल ती घरी जाऊन शोधतंच. म्हणून आपणच आधी सांगायचं: चौथ्या शतकातल्या कोडेक्स सायनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकानस या दोन्ही हस्तलिखितांत हे शुभवर्तमान आठव्या वचनावर संपतं. लपवलेली तळटीप सतराव्या वर्षी कोणा परक्याकडून कळली तर तिचं ओझं फार होतं. त्या दिवशी चौथ्या आठवड्याचा वादळाचा कागद पुन्हा बाहेर काढायचा, ४१ वं वचन आणि १६:८ शेजारी ठेवायचं, आणि त्या दिवशी घडी करून ठेवलेला आपला प्रश्न ज्याचा त्याने उघडायचा. ज्यांचा कागद हरवला असेल, आणि बऱ्याच जणांचा हरवलेला असतो, त्यांच्यासाठी कोरे कागद हाताशी ठेवावेत.